१६४६ नंतर पार्लमेंटच्या पक्षात पडलेली फूट कशी अभ्यासावी

इंग्लंडमधील पहिले यादवी युद्ध १६४६ मध्ये संपले, पहिला चार्ल्स हरला, आणि पुढच्या अडीच वर्षांत जिंकलेला पार्लमेंटचा पक्षच आपापसांत झगडू लागला. हा काळ वाचणाऱ्याचा गोंधळ बहुधा नावांपाशी सुरू होतो. ‘प्रेस्बिटेरियन’ आणि ‘इंडिपेंडंट’ हे शब्द पानोपानी येतात व आपण त्यांना दोन पंथ समजून पुढे जातो. म्हणून हे नाव दिसताच थांबावे आणि तेथे ते चर्चविषयी वापरले आहे की राजकारणाविषयी, हे आधी ठरवावे.

चर्चच्या बाबतीत प्रेस्बिटेरियनांना बिशप नको होते, पण सर्व देशाला बांधणारे एकच चर्च हवे होते, आणि १६४३ मध्ये लष्करी मदतीसाठी स्कॉटलंडशी केलेल्या करारामुळे त्या मताला बळ मिळाले होते. उलट प्रत्येक भाविकमंडळीने आपला कारभार आपणच पाहावा, असे इंडिपेंडंट म्हणत. राजकारणात प्रेस्बिटेरियन म्हटल्या जाणाऱ्या डेन्झिल होलिसच्या गटाला राजाशी लवकर समेट करून सैन्य मोडायचे होते, तर इंडिपेंडंट म्हटल्या जाणाऱ्या धाकटा हेन्री व्हेन व ऑलिव्हर सेंट जॉन यांच्या गटाला राजाकडून आधी पक्की हमी हवी होती. या दोन विभागण्या एकमेकींशी जुळत नाहीत. राजकारणात इंडिपेंडंट गणले गेलेले काही सदस्य प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत एल्डर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, होते. तेव्हा वहीत प्रत्येक व्यक्तीपुढे धर्म आणि राजकारण असे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

यानंतर सैनिकांच्या पगाराचा हिशेब स्वतः मांडून पाहावा. माझ्या मते याच्याइतके डोळे उघडणारे दुसरे काही नाही. पायदळातल्या शिपायाला दिवसाला ८ पेन्स मिळत आणि १६४७ च्या वसंतात त्याचा सुमारे १८ आठवड्यांचा पगार थकला होता, म्हणजे ४ पौंड ४ शिलिंग. घोडदळाची थकबाकी तर सुमारे ४३ आठवड्यांची होती. ती चुकती न करताच पार्लमेंट पायदळ मोडायला आणि उरलेल्यांना आयर्लंडला धाडायला निघाले. शिपायांनी अर्जाची तयारी केली, तेव्हा जे तो पुढे रेटतील त्यांना ३० मार्च रोजी राज्याचे शत्रू ठरवण्यात आले. त्यानंतरच पलटणींनी आपले प्रतिनिधी निवडले आणि जूनच्या आरंभी घोडदळातला कनिष्ठ अधिकारी कॉर्नेट जॉइस याने राजालाच ताब्यात घेतले. धर्मस्वातंत्र्याची आच खरीच होती, पण तिच्याशेजारी हा अपमान ठेवल्याशिवाय सैन्याचा संताप कळत नाही.

मग ऑक्टोबर १६४७ मध्ये लंडनजवळच्या पटनी येथे सैन्यातच झालेली चर्चा वाचावी. इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरिबालाही थोरामोठ्यांसारखेच आयुष्य जगायचे आहे, म्हणून त्याच्या संमतीवाचून त्याच्यावर राज्य करता येणार नाही, असे रेन्सबरो म्हणतो. देशात ज्याचा कायमचा हितसंबंध आहे त्यालाच मत असावे, असे आयर्टन उत्तर देतो. दोघेही त्याच सैन्याचे अधिकारी आहेत, आणि ही तेढ चर्चच्या रचनेवरून नाही.

तारीख पाहिल्यावाचून कोणाचीही भूमिका लिहू नये. सरसेनापती फेअरफॅक्सने ऑगस्ट १६४७ मध्ये सैन्य लंडनमध्ये नेले, पण राजावरील खटल्यापासून तो दूर राहिला. ५ डिसेंबर १६४८ रोजी कॉमन्स सभागृहाने राजाशी बोलणी पुढे नेण्याच्या बाजूने १२९ विरुद्ध ८३ मतांनी कौल दिला. दुसऱ्याच सकाळी सैन्यातला कर्नल प्राइड यादी हातात घेऊन सभागृहाच्या दाराशी उभा राहिला आणि सैन्याला नको असलेल्या सदस्यांना त्याने आत जाऊ दिले नाही.

अभ्यास ३० जानेवारी १६४९ च्या राजवधापाशी थांबवू नये. त्याच वर्षी मे महिन्यात लेव्हलर, म्हणजे समान राजकीय हक्क मागणाऱ्या गटाच्या, विचारांच्या बंडखोर शिपायांना सेनानी क्रॉमवेल व फेअरफॅक्स यांनी बर्फर्ड गावच्या चर्चमध्ये कोंडले आणि तिघांना गोळ्या घातल्या. कोंडलेल्यांपैकी अँथनी सेडली याने तेथील बाप्तिस्म्याच्या कुंडावर आपले नाव, १६४९ हे वर्ष आणि ‘कैदी’ हा शब्द कोरला. ती अक्षरे आजही तेथे वाचता येतात.