गोणीत खत किती, नत्र किती? कांदा लागवडीआधी हा हिशेब कराच

दर वर्षी श्रावणात कांदा साठवायच्या चाळी उपसताना तेच दिसतं. वरून कांदा लालबुंद, मान दाबली की बोट आत जातं. शेतकरी पावसाला दोष देतो, बियाण्याला देतो. मी आधी विचारतो, खत काय टाकलं? उत्तर गोण्यांत येतं. त्यातून नत्र (नायट्रोजन) किती पडलं, हे क्वचितच कुणाला सांगता येतं.

रब्बी कांद्याची शिफारस हेक्टरी 100:50:50 किलो, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश), सोबत गंधक 50 किलो. एकराला धरा नत्र 40, स्फुरद 20, पालाश 20, गंधक 20. हे आकडे अन्नद्रव्याचे आहेत, खताचे नाहीत. घोळ होतो तो इथेच.

युरियाच्या एका रेणूत कार्बन 12, ऑक्सिजन 16, हायड्रोजन 4 आणि नत्र 28, एकूण वजन 60. 28 ला 60 ने भागून शंभराने गुणा, 46.67 येतात. थोडी अशुद्धता धरून गोणीवर 46 छापतात. म्हणजे 45 किलोच्या गोणीत नत्र 20.7 किलो, बाकीचं वजन इतर मूलद्रव्यांचं. अमोनियम सल्फेटचा रेणू 132 चा, त्यात नत्र 28 आणि गंधक 32. म्हणून त्यात नत्र साधारण 21 टक्के आणि वर गंधकही मिळतं.

आता नेहमी दिसणारा डोस घ्या. एकरी 10:26:26 या मिश्रखताच्या (आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे) 50 किलोच्या दोन गोण्या, डीएपीची (डाय-अमोनियम फॉस्फेट, नत्र 18 टक्के) तेवढीच एक, पुढे युरियाच्या तीन. नत्र मोजू: 10 अधिक 9 अधिक 62, झाले 81 किलो. हवे होते 40. मिश्रखतातलं आणि डीएपीतलं नत्र युरियातून वजा करायला कुणी सांगतच नाही. दुकानदार का सांगेल? त्याची एक गोणी कमी खपते.

जादा नत्राने मान जाड होते, जोड कांदा वाढतो, पात लुसलुशीत होऊन फुलकिडे आणि करपा रोग यांना आयतं घर मिळतं. ढगाळ हवामान आणि सकाळी दव असेल तर युरियाचा हप्ता द्यायची घाई अजिबात नको. चार दिवस उशीर चालेल, ढगात युरिया नको.

एकराचा माझा हिशेब असा:

– सिंगल सुपर फॉस्फेट 125 किलो (स्फुरद 20, गंधक सुमारे 14)
– म्युरेट ऑफ पोटॅश 33 किलो
– 90 टक्के गंधक 7 किलो
– युरिया लागवडीला 43 किलो, 30 व्या दिवशी 22, 45 व्या दिवशी 22

युरिया दोन गोण्यांत भागतो. सुपर फॉस्फेटऐवजी डीएपीच वापरायचं असेल तर 44 किलो पुरे. त्यातून नत्र 8 किलो येतं, म्हणून लागवडीचा युरिया 43 वरून 26 वर आणा. डीएपीत गंधक नाही, ते वेगळं घ्यावं लागेल, 90 टक्केवालं 22 किलो.

एक बारीक गोष्ट. गोणीवरचं स्फुरद हे पी-टू-ओ-फाइव्हच्या, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या रूपात असतं. डीएपीच्या 46 मध्ये निव्वळ फॉस्फरस 20 टक्केच. पण शिफारसही त्याच रूपात आहे, तेव्हा पुन्हा भागाकार करू नका. काही हुशार मुलं तो करतात आणि स्फुरद दुपटीहून जास्त टाकतात.

बाटलीतल्या द्रव खतांचं काय? 4 टक्क्यांच्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरात नत्र 20 ग्रॅम. नव्या 20 टक्केवाल्यात शंभरेक ग्रॅम. गोणीत 20 किलो. गोणीच्या बदली बाटली म्हणून कुणी गळ्यात मारली तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. 19:19:19 च्या एका किलोत नत्र 190 ग्रॅम, तेवढं युरियाच्या 413 ग्रॅममध्ये मिळतं. झिंक सल्फेटही टक्केवारी वाचून घ्या, 21 आणि 33 असे दोन प्रकार आहेत. किलोचा भाव न बघता झिंकच्या किलोचा भाव काढा.

बाकीची कामं:

– रोप 50 ते 55 दिवसांचं
– अंतर 15 बाय 10 सेंटीमीटर
– फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे
– शेवटचं पाणी काढणीआधी 15 दिवस
– निम्म्या माना पडल्या की काढणी

हे पुस्तकात नाही, माझा अंदाज आहे: पात काळपट हिरवी दिसली आणि मोडताना कचकन पाणी सुटलं, तर 45 व्या दिवसाचा हप्ता मी निम्मा करतो. शंका असेल तर माती परीक्षणाचा कागद काढून बघा.

20 डिसेंबरला लागवड झाली तर 45 वा दिवस 3 फेब्रुवारीला येतो. तारीख आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. त्यानंतर शेजाऱ्याची पात कितीही हिरवीगार दिसली तरी युरियाची गोणी उघडायची नाही.