जुन्या कॅसेटमधली भारुडं संगणकावर घेताना

मराठवाड्यात घरोघरी पत्र्याच्या पेटीत कॅसेट पडून आहेत: भारूड, कीर्तन, जात्यावरच्या ओव्या, उरुसातली कव्वाली. विकत आणलेली कॅसेट आणखी कुठे तरी सापडेल. गावात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेलीची दुसरी प्रत नसते. आधी तिला हात घाला.

लगेच वाजवून बघू नका. पत्र्याखाली उन्हाळ्यात पेटी तापते आणि कॅसेटमधला गोंद सुटतो. टेप प्लेअरच्या हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) टेकते तिथे स्प्रिंगच्या पट्टीवर फेल्टचा बारीक तुकडा असतो. तो गळला की टेप हेडवर दाबली जात नाही आणि आवाज दबका, मधेच बुडणारा येतो. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून टाकाऊ कॅसेटमधली पट्टी बसवा. स्क्रू नसतील तर सांध्यावरून जपून ब्लेड फिरवा आणि दोन्ही चक्र्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या डबीत हलवा. वेढ्यांवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळी ठेवा. तीच बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते.

मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या चिपा मोडून टाका, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, घट्ट बसलेले वेढे सुटतात. सी-९०ची (९० मिनिटांची) टेप सी-६०पेक्षा पातळ, सी-१२०ची त्याहून पातळ. ती पेन्सिलीने हातानेच फिरवा.

प्लेअरचं हेड आणि बारीक लोखंडी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला मात्र साबणाच्या पाण्याचं ओलसर कापड पुरे, अल्कोहोलने रबर कडक होतं. टेप गुंतली की लोक कॅसेटला दोष देतात. बहुतेक वेळा प्लेअरचा पट्टा ढिला असतो: रोलर टेप पुढे सोडतो, पण ती गुंडाळणारी चक्री मागे पडते. पट्टा नवा घाला.

आता सगळ्यात मोलाचं काम. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो पाव फेऱ्याच्या आत, हळूहळू, दोन्हीकडे फिरवून बघा. टाळ सगळ्यात खणखणीत वाजेल तिथे थांबा. भरणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन वेगळा असतो, म्हणून हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं. इथे सुटलेला टाळ सॉफ्टवेअरने परत येत नाही, फक्त खरखर वाढते.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात प्लेअरची वायर घालू नका, आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या आवाज भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८,००० हर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि मोठ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू द्या. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी जागा लागते. ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

मूळ कॅसेट भरताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असतील तर टेप तेव्हा हळू फिरलेली असते, त्यामुळे आज गाणं पळतं आणि बुवांचा आवाज चिरका होतो. त्यांची गायची पट्टी (सूर) घरच्यांना विचारा. काळी एक सांगितली आणि कॅसेटमधली बाजाची पेटी पांढरी दोनला वाजत असेल, तर वेग साधारण ६ टक्क्यांनी कमी करा. त्यासाठी वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरा. हे सगळं प्रतीवर करायचं. मूळ वेव्ह फाइल तशीच ठेवा. तिच्या नावात गाव, गाणारे, साल आणि ए की बी बाजू लिहा.