काठी नंतर घ्या, आधी दोरी बघा

जिंतुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली सबमर्सिबल घेऊन आलेला शेतकरी बाकड्यावर बसला की कोपऱ्यात टेकवलेली माझी नऊ फुटी काठी त्याला दिसते. "जांभळं पाडायलाव का हो हिनं?" असं बहुतेक जण विचारतात. त्यातल्या एखाद्याला मासे धरायचा नाद असतो. तो मोटार विसरतो, काठी हातात घेऊन वाकवून बघतो आणि विचारतो, "कितीला पडली?"

दोरी कितीची, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी साध्या गळाचं बोलू, कारण आपल्याकडं सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. बाजारात तीन जातींच्या दोऱ्या मिळतात. पहिली नायलॉनची, म्हणजे आपला तंगूस. ती ताणली की चांगली पाचव्या हिश्शापर्यंत लांबते, त्यामुळं माशानं हिसका दिला तरी ती तो गिळून घेते. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारी दोरी ही. पण ती पाणी पिते आणि ओली झाली की थोडी कमजोर होते, उन्हानंही मरते. दुकानाच्या दारात वर्षभर लटकवलेलं रीळ कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

दुसरी फ्लोरोकार्बन. नायलॉनपेक्षा जड, लवकर बुडते, आणि पाण्यात कमी दिसते, कारण तिच्यातून प्रकाश जवळजवळ पाण्यासारखाच वळतो. आपल्या धरणाचं पाणी दिवाळीनंतर निवळतं तेव्हा तिचा उपयोग. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात तिच्यावर पैसे घालवणं म्हणजे अंधारात काजळ लावणं. तिसरी विणलेली, ब्रेड म्हणतात ती. बारीक असून दणकट, अजिबात ताणत नाही, आणि बोटाला गुंडाळून ओढली तर बोट कापते. शेवाळात, गवतात दडलेली मरळ खेचून काढायची असेल तर हीच.

जात कळली, आता जाडी. दुकानदार "किती किलोची देऊ?" विचारतो. म्हणजे किती वजनाला तुटणारी. तुम्ही जाडी विचारा. किलोचा आकडा वेष्टणावर कुणीही छापतो, जाडी मात्र मोजता येते. माझ्याकडं तांब्याच्या तारेसाठी मायक्रोमीटर असतोच. एकदा 0.25 मिलिमीटर छापलेलं रीळ आणलं. मोजलं तर 0.31. छापलेल्या किलोत दोरी तुटत नव्हती, ते बरोबरच होतं, कारण तिच्या नावाखाली दुसरीच जाड दोरी आत भरली होती! चिलापी (तिलापिया मासा) मात्र तिच्याकडं बघून बाजूला व्हायची. तुमच्याजवळ मायक्रोमीटर नसेल तर रीळ घेऊन एखाद्या रिवायंडिंगवाल्याकडं जा. चहा पाजला की तो मोजून देईल.

आता माशीची काठी. फ्लाय फिशिंग म्हणतात ते हे. इथं सगळा हिशोब उलटा आहे आणि तो डोक्यात बसल्याशिवाय रुपयाही खर्च करू नका.

साध्या गळात शिसं जड असतं. शिसं फेकलं की हलकी दोरी त्याच्या मागं जाते. माशीच्या काठीत गळाला पिसं-दोरा गुंडाळून केलेली माशी असते, तिला वजन नावालाच. ती फेकून फेकली जात नाही, वाळकं पान फेकून बघा म्हणजे कळेल. म्हणून इथं वजन दोरीत असतं. फेकायची ती दोरी, माशी नुसती तिच्या शेपटाला धरून जाते. आसूड आठवा. मुठीपाशी जाड, टोकाला बारीक. हाताचा जोर जाडीकडून बारकाईकडं पळत जातो. माशीची दोरी तशीच निमुळती केलेली असते, आत विणलेला गाभा आणि वर प्लास्टिकचा जाड लेप. लांबी साधारण 27 ते 30 मीटर.

दोरीला नंबर असतो आणि काठीवरही तोच छापलेला असतो. हा नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन. पाच नंबरला 140 ग्रेन, म्हणजे 9 ग्रॅमच्या आसपास. सहा नंबरला 160 ग्रेन, साधारण 10.4 ग्रॅम, सराफाच्या आजच्या तोळ्याहून किंचित जास्त. मी नवीन दोरी आली की तिचे पहिले 30 फूट तांब्याची तार तोलायच्या काट्यावर गोळा करून ठेवतो. टोकाचा एखादा फूट सारखा जाडीचा असतो, तो मोजत नाहीत. दोनदा काटा बरोबर बोलला, एकदा सहा नंबरच्या डबीत आठ नंबरची दोरी निघाली. ती माझ्या काठीला ओढवत नव्हती, आणि मी महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

आपल्याकडं नऊ फुटाची, सहा नंबरची काठी घ्या. चार नंबरची काठी चिलापीला पुरते, पण आपल्या उघड्या माळावरचा वारा तिला पुरू देत नाही. दोरीच्या डबीवर डब्ल्यूएफ-6-एफ असं लिहिलेलं बघा. पहिली दोन अक्षरं म्हणजे वजन पुढच्या भागात, मधला आकडा नंबर, शेवटचं अक्षर म्हणजे तरंगणारी. डीटी लिहिलेली दोरी दोन्ही टोकांना निमुळती असते, एक टोक झिजलं की उलटी करून वापरता येते. काटकसरी माणसाला ती मोहात पाडते, पण लांब फेकायला जड जाते. बुडणारी दोरी पहिल्या वर्षी नकोच.

काठीला लावायच्या रिळावर डोकं खर्च करू नका. साध्या गळात रीळ म्हणजे इंजिन, इथं ती दोरी गुंडाळून ठेवायची नुसती बॉबिन आहे. दोरी डाव्या हातानं ओढायची आणि डाव्या हातानंच सोडायची. फक्त माशीच्या दोरीच्या खाली 50 मीटर बॅकिंगचा दोरा भरा, 20 पौंडांचा ताण सोसणारा डॅक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचा. मासा तिथपर्यंत पळणार नाही, पण रिळाचं पोट भरल्यामुळं वरच्या दोरीची वेटोळी मोठी बसतात आणि ती सरळ सुटते. रिकाम्या बॉबिनवर तार भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

दोरीच्या पुढं नऊ फुटांचा पारदर्शक लीडर लागतो, म्हणजे दोरी आणि माशी यांच्या मधला तुकडा, तोही निमुळता. तयार मिळतो, महाग असतो, आणि आपण तो झाडात अडकवून तोडतो. मी तंगुसाचाच करतो: 0.50 मिलिमीटर जाडीचा 120 सेंटिमीटर, मग 0.40 चा 50, 0.30 चा 35, 0.25 चा 20, आणि शेवटी 0.20 चा 50. हा शेवटचा तुकडा म्हणजे टिपेट. इंग्रजी डब्यांवर टिपेटला 3 एक्स, 5 एक्स असे नंबर असतात आणि नवीन माणूस तिथं गडबडतो, कारण आकडा वाढला की दोरी बारीक होते. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या तारेचे गेज नंबर असेच उलटे चालतात. 11 मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तितके हजारांश इंच जाडी. 5 एक्स म्हणजे 6 हजारांश इंच, 0.15 मिलिमीटर, बरोबर आमची 38 नंबरची तार. चिलापीला 3 किंवा 4 एक्स ठेवा.

तुकडे जोडायला सर्जनची गाठ पुरते. दोन टोकं शेजारी धरा, दोन्हींचा मिळून एक फास करा, त्यातून दोन्ही टोकं दोनदा काढा, थुंकी लावा, चारही टोकं सावकाश ओढा. थुंकी विसरू नका. कोरडी गाठ ओढली की घासून तापते आणि तंगूस तिथंच मरतो, तो तुटतो मात्र चार दिवसांनी, मोठा मासा लागल्यावर. माशी बांधायला पाच वेढ्यांची क्लिंच गाठ. दोरीच्या टोकाला तयार फास नसेल तर लीडर जोडायला नेल नॉट ही गाठ मारावी लागते, आणि तिच्यासाठी संपलेल्या बॉलपेनची रिफील एवढं चांगलं हत्यार नाही.

फेकायला शिकताना पाण्यावर जाऊ नका. मी शाळेच्या मैदानावर शिकलो, सकाळी सहाला, टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून. काठी मागं न्यायची ती कानाच्या जरा मागं, घड्याळात एकच्या जागी थांबवायची. थांबवायची म्हणजे खिळा ठोकल्यासारखी. मग मागं गेलेली दोरी सरळ होईपर्यंत वाट बघायची. मान वळवून बघा, लाज वाटू देऊ नका. सरळ झाली की पुढं, आणि दहाच्या जागी पुन्हा थांबा. येलदरीचे एक भोई मामा, ज्यांनी लहानपणी मला गळ शिकवला, ते एकदा हा तमाशा बघत उभे राहिले.

"कामून मारायलास रे वाऱ्याला?"

"मामा, शिकायलोय."

"आसुडासारखा आवाज यायलाय की. बैल कुठाय?"

मामा हसून गेले, पण त्यांनी दुखणं बरोबर पकडलं होतं. आसूड वाजला पाहिजे, ही दोरी वाजता कामा नये. मागं 'फट्' वाजलं याचा अर्थ दोरी सरळ व्हायच्या आत तुम्ही पुढं ओढली. पाण्यावर तो आवाज आला की माशी तुटून गेलेली असते आणि तुम्ही रिकामा टिपेट फेकत बसता. मी तासभर बसलो आहे.

आता दोरीचं आजारपण, कारण मराठवाड्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं. थंड देशांतल्या पाण्यासाठी केलेल्या दोरीचा लेप मऊ असतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42च्या वर जातो, तेव्हा ती चिकट होते आणि काठीच्या कड्यांतून सरकत नाही. डबीवर उष्ण प्रदेशासाठी लिहिलेली दोरी घ्या. माझी पहिली दोरी थंड पाण्याची होती. ती चिकट झाली म्हणून मी दुकानातल्या वार्निशच्या थिनरनं चिंधी भिजवली आणि प्रेमानं पुसत गेलो. चार फूट पुसल्यावर चिंधी गुलाबी झाली. दोरी आधी गुलाबी होती. मग लेप च्युइंगमसारखा चिंधीला चिकटून निघाला आणि आतला पांढरा गाभा उघडा पडला. थिनर प्लास्टिक खातं, हे मला रोज हाताळून माहीत, तरीही! अंगाला लावायची काही डास-मलमंही हेच करतात. दोरी कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा, सावलीत वाळवा, गाडीच्या डिकीत ठेवू नका.

माशा विकत घेऊ नका, निदान सगळ्या नको. बारा नंबरचा गळ, जळालेल्या मोटारीतली बारीक तार वजनासाठी गुंडाळलेली, वर तपकिरी लोकर. पैठणीच्या काठातून निघालेला जरीचा एक धागा वरून तिरका गुंडाळला की चमक येते. मावशीच्या जुन्या पैठणीला मी हात लावला नाही, हे आधीच सांगतो, तो धागा रफू करणाऱ्याकडचा. शेततळ्यात माशांना खाद्याच्या गोळ्या टाकतात, तिथं तपकिरी लोकरीचा गोल गोळा कातरून केलेली माशी रोहूसुद्धा तोंडात घेतो.

सुरुवात शेततळ्यावरच करा. मागं झाड नाही, दोरी अडकत नाही. पण तळ्याला प्लास्टिकचा कागद असतो. माझ्या मावसभावाच्या तळ्यावर माझा गळ मागं कागदात घुसला, मी हिसका दिला, आणि बोटभर चीर पडली. पाण्याच्या पातळीच्या वर होती म्हणून मी अजून त्याच्या घरी जेवतो. तिथं काठाकडं पाठ करून उभं राहू नका आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबूनच जा. दुसरं त्याहून मोठं. ओल्या कागदावरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठाला खुंटीला बांधलेला दोर पाण्यात सोडल्याशिवाय आणि सोबत माणूस असल्याशिवाय तळ्याशी जायचं नाही.

धरणावर जाणार असाल तर विचारून जा. बहुतेक तलावांची मासेमारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते, त्यांच्या माणसांचं पोट त्यावर आहे. पैठणचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय काठी उघडू नये. आणि पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो तेव्हा काठी भिंतीलाच टेकलेली बरी.

हे सगळं विलायती खूळ आहे असं घरचे म्हणतील. माशीची काठी विलायती खरी. पण गळानं मासे धरायचा षौक आपल्या सीमेला लागूनच्या कल्याणीच्या चालुक्यांना होता, त्यांच्या तिसऱ्या सोमेश्वरानं 12व्या शतकात त्यावर सविस्तर लिहून ठेवलंय. हे सांगितल्यावर आमच्या घरातले गप्प बसले. पटलं म्हणून नाही, जेवायची वेळ झाली होती.

पहिली लागेल ती चिलापीच, तळहाताएवढी. मासा लागला की काठी वर उपसू नका, डाव्या हातानं दोरी ओढा आणि मग काठी उचला. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून हात ओला करून डोक्याकडून मागं फिरवत धरा, काटे आपोआप खाली बसतात. गळाचा काटा घरीच दाबलेला असेल तर माशी पाण्यातल्या पाण्यात उलटी फिरवून निघते.