मनगटातील पिसिफॉर्म हाड स्वतःच्या हातावर कसे ओळखावे

मनगटात दोन ओळींत मिळून 8 लहान हाडे असतात आणि आकृतीत ती एकमेकांना इतकी चिकटलेली दिसतात की नावे पाठ होऊनही हाताशी त्यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे सुरुवात पिसिफॉर्मपासून करावी. हे या सर्वांत लहान, वाटाण्याएवढे हाड असून, लॅटिनमधील ‘वाटाणा’ या शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे.

डावा हात तळवा वर करून टेबलावर सैल ठेवावा. मनगटावर जी ठळक आडवी घडी पडते, तिच्यावरून उजव्या हाताचे बोट करंगळीच्या बाजूला सरकवत न्यावे. घडी संपते तेथे, तळव्याच्या मांसल उंचवट्याच्या पायथ्याशी, एक टणक गोटी लागेल. तेच पिसिफॉर्म. मनगटाच्या मागच्या बाजूस करंगळीकडे दिसणारा मोठा उंचवटा हा हाताच्या लांब हाडाचा, म्हणजे अल्नाचा, शेवट असतो. नवशिके हमखास तेथेच फसतात.

आता मनगट किंचित आत वाकवून पूर्ण सैल सोडावे आणि ती गोटी अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून हलवावी. ती डावीकडे-उजवीकडे थोडी सरकते, कारण मनगटातील इतर हाडांपैकी केवळ ट्रायक्वेट्रमशी, तेही जवळजवळ सपाट पृष्ठभागाने, तिचा सांधा असतो. पकड न सोडता करंगळी इतर बोटांपासून जोराने दूर ताणावी. हाड तत्काळ जागच्या जागी घट्ट होते. करंगळीला बाहेर ओढणारा स्नायू याच हाडावरून निघतो, आणि त्याला पक्का आधार मिळावा म्हणून मनगट वाकवणारा फ्लेक्सर कार्पी अल्नारिस हा स्नायू हाडाला वरून ताणून धरतो. त्याचा दोरीसारखा कंडरा हाडाच्या वर, कोपराच्या दिशेने, बोटाला स्पष्ट जाणवतो. पिसिफॉर्म या कंडरातच बसलेले असते. अशा हाडांना सेसमॉइड, म्हणजे तिळासारखी, म्हणतात. गुडघ्याची वाटी याच जातीची आहे, तेव्हा तिळाची उपमा फारशी मनावर घेऊ नये.

पिसिफॉर्मपासून तळव्याच्या मध्याकडे तिरपे सुमारे 1 ते 2 सेंटीमीटर पुढे जाऊन खोल दाबल्यास हॅमेट या हाडाचा हुकसारखा वाकलेला उंचवटा लागतो. या दोन उंचवट्यांमधून अल्नर मज्जातंतू आणि धमनी तळव्यात शिरतात. फ्रेंच शल्यचिकित्सक गुयॉन यांनी 1861 मध्ये या वाटेचे वर्णन केले. येथे फार वेळ दाब देऊ नये, अन्यथा करंगळी व अनामिकेच्या अर्ध्या भागात मुंग्या येतात. सायकलीच्या दांड्यावर तळव्याचा हा भाग टेकवून लांबचा प्रवास करणाऱ्यांना होणारा त्रास याच दाबामुळे होतो.

एक्स-रे पाहताना मात्र सावध असावे. सरळ घेतलेल्या चित्रात पिसिफॉर्मची सावली ट्रायक्वेट्रमवर पडते, म्हणून हाताच्या टाचेवर पडल्यानंतर तेथे दुखत राहिल्यास डॉक्टर हात किंचित तिरपा करून वेगळे चित्र काढायला सांगतात. लहान मुलाच्या एक्स-रेमध्ये हे हाड दिसलेच नाही तर घाबरू नये. आठांपैकी ते सर्वांत शेवटी, साधारण 9 ते 12 वर्षांच्या सुमारास, कूर्चेचे हाड होऊ लागते.