घाऊक माल घेताना सौदा असा बांधावा

नागपूरच्या इतवारी बाजारात तूरडाळीचा सौदा फोनवर होतो. ‘पाठवून द्या’ म्हटलं की झालं. मालविक्री अधिनियम, 1930 तोंडी सौदाही मानतो. पण कट्टे उघडल्यावर माल वेगळा निघाला तर काय ठरलं होतं हे दाखवणार कसं? म्हणून फोन ठेवताच व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाका आणि समोरून होकार घ्या.

त्या ओळींत हे यावं: डाळीची प्रत कोणती (‘फटका’ की दुसरी), कट्टे किती, एका कट्ट्याचं निव्वळ वजन, क्विंटलचा भाव, जीएसटी, हमाली आणि भाडं कोणाकडे, माल कधी आणि कुठे पोचायचा. भाव मोघम ठेवला तर कलम 9 प्रमाणे ‘वाजवी किंमत’ द्यावी लागते, आणि वाजवी म्हणजे किती यावरच जुंपते.

नमुना पाहून माल घेत असाल तर दोन पुड्या बांधा, दोन्हींवर तारीख आणि दोघांच्या सह्या. कलम 17 म्हणतं की सगळा माल नमुन्याबरहुकूम हवा, आणि ताडून पाहायची संधी घेणाऱ्याला मिळायला हवी. बिलावर ‘फटका’ लिहिलं असेल तर माल नमुन्याशीही जुळला पाहिजे आणि वर्णनाशीही. पुडीच ठेवली नाही, तर ताडायचं कशाशी?

आता सगळ्यात जास्त पैसे बुडतात ती जागा. माल भिजला तर नुकसान कोणाचं? पैसे दिले की नाही यावर ते ठरत नाही. वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची (कलम 26). विक्रेत्याच्या गोदामात 300 कट्टे आहेत, तुमचे 50 अजून वेगळे काढलेले नाहीत, तोवर मालकी त्याचीच. तुम्ही थप्पी निवडून खूण केली, माल तयार आणि भाव पक्का असेल, तर माल तिथेच पडून असला तरी मालकी तुमची होऊ शकते. मात्र वजन करून किंमत काढायचं काम विक्रेत्याकडे बाकी असेल, तर ते होऊन तुम्हाला कळेपर्यंत मालकी सरकत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याच्या हाती माल दिला की तो सहसा तुम्हालाच दिला असं धरतात. मग वर्धा रोडवर ताडपत्रीतून पाणी शिरलं तर नुकसान तुमचं. उपाय एका वाक्याचा: ‘गोदामपोच, माल उतरेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची.’ जून ते सप्टेंबर तर हे लिहिल्याशिवाय माल मागवूच नये.

गाडी आली की आधी वजन, मग सही. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, ‘वजन व प्रत तपासणे बाकी’ असा शेरा मारा. कट्टे कमी आले तर सगळा माल नाकारता येतो. ठेवलात तर आलेल्याचे पैसे ठरल्या भावाने द्यावे लागतात. जास्त आले तर ठरलेले ठेवून बाकीचे नाकारा, नाहीतर सगळेच नाकारा.

मग थप्पीच्या वरून, मधून, तळातून कट्टे उघडा. डाळ नमुन्यासारखी नसेल तर फोटो काढून त्याच दिवशी कळवा: ‘माल नमुन्याप्रमाणे नाही, नाकारत आहे, घेऊन जा.’ वेगळं ठरलं नसेल तर परत पाठवायचं भाडं तुमच्या माथी नसतं. कळवणं पुरेसं (कलम 43). चूक होते ती इथे: तक्रारही करायची आणि त्यातले चार कट्टे गिऱ्हाइकाला विकायचे. तपासायची संधी मिळाल्यावर असं केलंत, किंवा बरेच दिवस गप्प बसलात, की माल स्वीकारला असं धरलं जातं. मग सहसा तो परत करता येत नाही, फक्त भरपाई मागता येते किंवा किमतीतून तेवढी रक्कम कापून घेता येते.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापलेलं वाक्य सौदा झाल्यावर हातात पडलं असेल, तर त्याने घाबरू नका. फेरविक्रीसाठी घेतलेल्या मालावर ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र सहसा उघडत नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. मुदत साधारण 3 वर्षं. भरपाईचा आकडा बाजारभावावरून काढतात, तेव्हा माल उतरला त्या दिवसाचा इतवारी किंवा कळमना बाजाराचा भाव नमुन्याच्या पुडीसोबतच जपून ठेवा.