मोगऱ्याची छाटणी होळीवर सोडू नका

‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे ऐकायला बरं वाटतं, पण मोगऱ्याची छाटणी त्यावर सोडली की बहर लांबलाच. होळी २०२३ साली ६ मार्चला होती, पुढच्याच वर्षी २४ मार्चला. झाडाला अधिक महिना कळत नाही. मृगाचं तसं नाही, तो सूर्याबरोबर चालतो आणि दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो.

खूण कुंडीतच शोधा. थंडीत कढीपत्ता थिजून बसतो, पानं पिवळी पडतात. त्याच्या शेंड्याशी नखाएवढी पोपटी पालवी दिसली की रात्रीचा गारठा सरला. पुण्या-नाशिककडे हे साधारण फेब्रुवारीत; कोकणात थंडीच बेताची, तिथे आधी. बाहेर पांगारा फुलला असेल तर खात्रीच. काटेसावरीवर मात्र जाऊ नका, ती थंडीतही फुलते.

खरी गोम ताण देण्यात, म्हणजे पाणी तोडून झाडाला विश्रांती देण्यात आहे, आणि मीही सर्वांत जास्त धडपडलो ते इथेच. खूण दिसायच्या आधी, जानेवारीतच पाणी तोडायचं. ‘तीन आठवडे पाणी बंद’ हा सल्ला शेतातला आहे. काळ्या जमिनीत मुळं खोल जातात, ओल टिकते. दहा इंची कुंडीत तीन आठवड्यांत झाडाची काडी होईल.

कुंडीला दिवस मोजून ताण देऊच नये. माती बोटभर खोल कोरडी झाली की पानं मलूल होतात, मग पिवळी पडून गळू लागतात. झाड तिथवरच न्यायचं. मध्येच फांदीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर थांबा; फिकट, कोरडं दिसलं तर लगेच पेलाभर पाणी द्या, मग पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. आणि दया येऊन रोज थोडंथोडं पाणी घालणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. झाडाला विश्रांतीही मिळत नाही आणि पोटभर पाणीही नाही.

कढीपत्ता फुटला की उरलेली पानं हाताने ओरबाडा, फांद्या निम्म्यावर छाटा, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्याच्या) जरा वर तिरका काप घ्या. माती उकरून शेणखत, मग भरपूर पाणी.

युरिया नको. पानं हातभर येतील, कळी एक नाही. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला कळ्या धरतो, म्हणून फुटवे बोटभर झाले की कुंडी दिवसभराच्या उन्हात हलवा.