हेडफोन घेताना या चुका टाळा: आधी कानात नीट बसवा, मग नावे ठेवा

जून-जुलैमध्ये महाविद्यालये सुरू झाली किंवा दिवाळीच्या आधी ऑनलाइन सवलतींचा हंगाम आला, की ओळखीपाळखीतून हेडफोनविषयीची विचारणा वाढते. विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जण खरेदी करून मोकळे झालेले असतात. त्यांना सल्ला नको असतो, तर आपण घेतलेली वस्तू चांगली असल्याचा दाखला हवा असतो. हजार-दीड हजारापासून दहा-बारा हजारांपर्यंत आज इतका चांगला माल मिळतो, की फसण्याचे खरे म्हणजे काही कारण नाही. तरीही लोक फसतात आणि दरवर्षी त्याच त्या कारणांनी फसतात. ‘आवाज चांगला नाही’ म्हणून जे हेडफोन माझ्याकडे दाखवायला आणले जातात, त्यांतल्या पुष्कळांत दोष हेडफोनचा नसतोच. तो नीट न बसवण्याचा किंवा घाईने केलेल्या तुलनेचा असतो.

मोठा वाजतो तो चांगला, ही समजूत

माझा भाचा अभियांत्रिकीसाठी पुण्यात आला, तेव्हा त्याच्याबरोबर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाण्याचा योग आला. हातगाड्या, हॉर्न आणि शेजारच्या दुकानात चाचणीसाठी वाजणारा स्पीकर अशा गदारोळात त्याने दोन हेडफोन आळीपाळीने, प्रत्येकी एका कडव्यापुरते ऐकले आणि निर्णय जाहीर केला. ‘मामा, हाच घेऊ या. यात सगळं कसं मोकळं येतंय, आणि बासपण दणदणीत आहे.’ मी त्याला एवढेच सांगितले, की हा लावशील तेव्हा मोबाइलचा आवाज दोन पायऱ्या खाली घे आणि पुन्हा ऐक. त्याने ऐकले, दुसरा लावला, परत पहिला लावला आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही. दुकानदार गालातल्या गालात हसत होता. गिऱ्हाइकाला नेहमी मोठा वाजणारा हेडफोन आवडतो, हे त्याच्या धंद्यात नवीन नव्हते.

मोबाइलवर आवाजाची पायरी तीच ठेवली, तरी दोन हेडफोन सारखेच मोठे वाजत नाहीत, कारण प्रत्येकाची संवेदनक्षमता (तेवढ्याच विजेत तो किती मोठा वाजतो ते) आणि विद्युत्‌रोध वेगळा असतो. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला अधिक स्पष्ट आणि अधिक मोकळा वाटतो. शिवाय बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणजे मोठा वाजणाऱ्या हेडफोनला फुकटचा बासही मिळतो. दुकानातल्या दोन मिनिटांत आपण हेडफोनची नव्हे, तर केवळ आवाजाच्या पातळीची तुलना करत असतो, आणि हे समजावून सांगितल्यावरही ‘पण मला खरंच फरक जाणवला’ असे म्हणणारे भेटतातच.

माझी सवय अशी आहे, की दोन्ही हेडफोनांत गायकाचा गळा सारखाच मोठा ऐकू येईपर्यंत आवाज जुळवायचा आणि त्याआधी मत बनवायचेच नाही. ऐकण्यासाठी लहानपणापासून तोंडपाठ असलेले एखादे ध्वनिमुद्रण घ्यावे. मी ख्यालाच्या सुरुवातीचा, नुसता तानपुरा वाजत असतो तो भाग घेतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झची असते, परंतु तिचे सारे सौंदर्य वरच्या स्वरांशांत, म्हणजे तारेच्या झणकारात, जवारीत असते. जवारी किरकिरी वाटली तर हेडफोनमध्ये वरचे स्वर जास्त उचललेले आहेत आणि ती झाकोळलेली वाटली तर ते दाबलेले आहेत, असे मी समजतो. मग तबला सुरू झाला की बायाँकडे, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याकडे, लक्ष द्यावे: घुमारा यावा, पण तो बंदिशीच्या शब्दांवर चढून बसू नये. स्वस्त हेडफोनांत हाच दोष सर्वाधिक आढळतो, कारण खोक्यावर ‘एक्स्ट्रा बास’ असे छापल्याशिवाय माल खपत नाही, असा कंपन्यांचा समज झालेला आहे आणि गिऱ्हाइकांनी तो खोटा ठरवलेला नाही.

सवाई गंधर्व महोत्सवात मंडपातल्या स्पीकरसमोर बसून ऐकलेला तबला छातीवर आदळतो, तसा तो हेडफोनमधून कधीही आदळणार नाही, कारण तेथे सारे शरीर ऐकत असते आणि येथे केवळ कान. ती अपेक्षा धरून बास वाढवत नेणाऱ्यांच्या हाती शेवटी फक्त गढूळपणा लागतो.

टिपांची पिशवी न उघडता खोके माळ्यावर टाकणे

कानात बसणाऱ्या इअरफोनच्या खोक्यात, पुठ्ठ्याच्या खालच्या कप्प्याला चिकटून, एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात लहान-मोठ्या आकारांच्या रबरी टिपांच्या दोन-तीन जोड्या असतात. ‘पैसे पाण्यात गेले, बासच नाही’ म्हणून हळहळणाऱ्यांना मी पहिला प्रश्न त्या पिशवीचा विचारतो आणि उत्तर बहुधा ‘कुठली पिशवी?’ असे येते. टिप आणि कानाची नळी यांच्यात जराशी फट राहिली की खालचे स्वर तेथून निसटतात आणि उरतो तो पातळ, टोचरा आवाज. दीड हजारांचा नीट बसलेला इअरफोन, फट राहिलेल्या दहा हजारांच्या इअरफोनपेक्षा उजवा वाजतो, हे मी कितीही जणांना करून दाखवायला तयार आहे.

एका हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून दुसऱ्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत बसवावा. बाहेरचा पंखा एकदम दूर गेल्यासारखा वाटला, तर तो बसला असे समजावे. दोन कानांना दोन वेगळ्या आकारांच्या टिपा लागणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यात संकोचण्यासारखे काही नाही. कानभर बसणाऱ्या हेडफोनांत हीच फट चष्म्याच्या काड्यांमुळे किंवा केसांमुळे पडते. ऐकता ऐकता दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच दाबून पाहाव्यात. त्यासरशी बास वाढला, तर हवा गळते आहे. जाड काडीचा चष्मा असेल, तर मऊ आणि खोल गाद्यांचाच हेडफोन निवडावा.

गायक नाहीसा होणे

आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी मध्यम किमतीचा, चांगल्या नावाचा, वायरचा हेडफोन घेतला आणि तिसऱ्याच दिवशी दुकानदाराच्या नावे टंकलेले दीड पानी तक्रारपत्र घेऊन ते माझ्याकडे आले. ‘अहो, यातून गायकच गायब आहे. तबला येतो, पेटी कुठूनतरी विहिरीतून आल्यासारखी येते, पण बुवा कुठे आहेत?’ त्यांनी मला ऐकवले आणि खरोखरच बुवा नव्हते. पुढे त्यांनी एक जुने, स्टीरिओपूर्व काळातले ध्वनिमुद्रण लावले, तर तेथे जवळजवळ शांतताच. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला होता, की हा हेडफोन जुन्या संगीतासाठी बनवलेलाच नाही, आणि तो मुद्दा पत्रात अधोरेखित केलेला होता.

जुने ध्वनिमुद्रण पूर्ण गप्प झाले, यातच निदान होते. हेडफोनच्या पिनवर डावा, उजवा आणि दोघांचा सामाईक परतीचा, असे वेगवेगळे पट्टे असतात. परतीचा जोड जुळला नाही, तर वीज डाव्या बाजूतून थेट उजव्या बाजूत जाते आणि कानाला दोन बाजूंमधला केवळ फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असल्यामुळे तो वजा होऊन जातो, कडेला ठेवलेली वाद्ये तेवढी उरतात. एकसुरी म्हणजे मोनो ध्वनिमुद्रणात दोन्ही बाजू एकच असतात, त्यामुळे काहीच उरत नाही. आता परतीचा जोड का जुळत नव्हता? मोबाइलला जाडजूड कव्हर होते, त्याचे भोक अरुंद होते आणि पिनची मान त्यात अडून पिन केसभर बाहेर राहत होती. कव्हर काढले, पिन दाबली, ‘टक्’ असा आवाज झाला आणि बुवा अवतरले. गृहस्थांनी खिशातला चाकू काढून तेथेच भोक कातरून मोठे केले. पत्र मात्र त्यांनी फाडले नाही. ते कव्हर विकणाऱ्याच्या नावे बदलून पाठवता येईल काय, हे ते मला विचारत होते.

कव्हर निर्दोष असेल, तर जॅकमध्ये खिशातल्या कापडाचे तंतू साचले आहेत का, ते विजेरीने पाहावे आणि मोबाइल बंद करून लाकडी काडीने हलकेच काढावेत. सेफ्टी पिन घालू नये. घाई करणारे नेमकी तीच घालतात आणि मग जॅकच बदलावा लागतो. माइकचे बटण दाबून धरल्यावर गायक परत येत असेल, तर हेडसेटची जोडणी जुन्या पद्धतीची आहे, म्हणजे माइक आणि परतीचा पट्टा यांच्या जागा उलट आहेत. त्याला छोटा अडॅप्टर मिळतो.

जॅक नसलेल्या मोबाइलला टाइप-सीचे डोंगल लागते. त्यांतल्या अगदी स्वस्त प्रकारात चिप नसते, नुसत्या तारा असतात, आणि अनेक मोबाइलांवर ते वाजतच नाहीत. विकत घेताना आत डॅक (डिजिटल संकेतांचे ध्वनीच्या विद्युत संकेतांत रूपांतर करणारी चिप) आहे का, हे विचारून घ्यावे. त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला मी कुरकुर करत नाही.

खोक्यावरचे आकडे वाचून निवड करणे

‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो आणि किती डेसिबलच्या चढउतारात, हे सांगितल्याशिवाय त्याला काहीही अर्थ नसतो. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, ४० मिलिमीटरचा आहे की ५० मिलिमीटरचा, यावरूनही आवाजाचा दर्जा कळत नाही. सोनेरी ‘हाय-रेस’ स्टिकरसाठी हेडफोनला ४०,००० हर्ट्‌झपर्यंत पोहोचावे लागते, आणि आपला कान तरुणपणीदेखील २०,००० च्या आसपास थांबतो. त्या स्टिकरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

ज्याकडे खरोखर पाहावे तो आकडा ओहमचा, म्हणजे वर सांगितलेल्या विद्युतरोधाचा, आणि नेमका तोच वाचला जात नाही किंवा उलटा वाचला जातो. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत पसरलेली आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो. त्यांतला २५० चा मोबाइलला जोडला, तर तो बहुधा मलूल वाजतो आणि मग अँप्लिफायरचा खर्च मागे लागतो. सेनहायझरचा १९९७ मधला एचडी ६०० तर ३०० ओहमचा आहे. घरी अँप्लिफायर असेल, तर अवश्य घ्यावा. केवळ मोबाइलवर ऐकायचे असेल, तर ३२ ओहमच्या आसपास राहावे आणि संवेदनक्षमतेचाही आकडा पाहावा.

दरवर्षीच्या नव्या मॉडेलच्या मागे धावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की कॉसचा पोर्टा प्रो १९८४ चा आणि सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा आहे, आणि ते दोन्ही आजही बनतात व विकले जातात.

बाकीच्या, थोडक्यात

नवा हेडफोन पन्नास तास वाजवल्यावर ‘खुलतो’, या आश्वासनावर थांबू नये. खुलतो तो बहुधा आपला कान, आणि तोवर परत करण्याची मुदत टळलेली असते.

उघड्या पाठीचे, म्हणजे बाहेरून जाळीदार वाट्यांचे, हेडफोन घरात शांतपणे ऐकण्यासाठी उत्तम असतात. वसतिगृहाच्या खोलीत किंवा पीएमपीच्या बसमध्ये ते आपल्यालाही आणि शेजाऱ्यालाही ताप देतात.

नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट खोडणारी सोय, बसच्या इंजिनाची सलग घरघर कमी करते. पुण्यातला हॉर्न त्याला आवरत नाही.

स्वस्तात ब्लूटूथ आणि उत्तम आवाज ही दोन्ही एकत्र मागू नयेत. त्याच पैशांत वायरचा हेडफोन चांगला वाजतो, आणि त्याला थकणारी बॅटरीही नसते. आयफोनमध्ये एलडॅक (ब्लूटूथवरून वरच्या दर्जाचा आवाज पाठवण्याची पद्धत) चालत नाही, तेव्हा आयफोनवाल्यांनी त्या नावासाठी जादा पैसे देऊ नयेत.

लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच ब्लूटूथ हेडफोनमधले संगीत जुन्या दूरध्वनीसारखे ऐकू येऊ लागते, अशी तक्रार हिंजवडीला नोकरी करणारी मंडळी हमखास करतात. हेडफोनचा माइक सुरू झाला, की ब्लूटूथ संभाषणाच्या हलक्या दर्जावर उतरते. ध्वनीच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडावा, म्हणजे हेडफोनचा आवाज पूर्ववत होतो.

दिवे लुकलुकणारे गेमिंग हेडफोन संगीतासाठी घेऊ नयेत. यावर मी अधिक लिहिणार नाही.

कृत्रिम चामड्याच्या गाद्या आपल्या पावसाळी दमटपणात सोलवटतात, म्हणून ज्याच्या गाद्या सुट्या मिळतात असाच कानभर बसणारा हेडफोन घ्यावा. बदली गाद्या शक्यतो मूळ कंपनीच्याच असाव्यात, कारण गादीची जाडी आणि कापड बदलले की आवाजही बदलतो.

रस्त्याचा गोंगाट झाकण्यासाठी आवाज वाढवणे ही सवय सर्वांत महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, तर ९० डेसिबलला केवळ ४. येथेही पुन्हा नीट बसलेली टिपच कामी येते, कारण बाहेरचा आवाज आत येत नसेल, तर संगीत मोठे करावे लागत नाही.

शेवटी बिलाविषयी. बिलाशिवाय दोनशे रुपये कमी, हा सौदा करू नये. नामांकित मॉडेलच्या हुबेहूब नकला पदपथावर आणि ऑनलाइनही मिळतात. अनधिकृत मार्गाने आलेला अस्सल माल असला, तरी त्याची वॉरंटी येथील सेवा केंद्रात नाकारली जाऊ शकते. म्हणून पैसे देण्यापूर्वीच वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकान, हे विचारावे आणि मॉडेलचे पूर्ण नाव व अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा.